जमीन काय म्हणते

बसने बडनेरा मागे टाकलं तेव्हा देवानंदने मांडीवरची पिशवी उघडून आत पाहिलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक सफरचंदं नेतात, गेला बाजार मोसंबी तरी नेतात. हा शहाणा काकड्या घेऊन निघाला होता. त्याही कशा, तर वीतभर लांब, सरळ, ना फार जाड ना फार बारीक, एकीसारखी दुसरी. खायची काकडी सरळ असायची काही गरज नसते, वाकडीही तेवढीच गोड लागते. पण सकाळी मळ्यात वेलीखाली हात घातला आणि हाताने डोळ्यांना न विचारता आपल्या सवयीच्याच काकड्या खुडल्या. त्या खायच्या काकड्या नव्हत्या, तलवारीखाली ठेवायच्या होत्या. आणि ज्याची तलवार, त्याच्या डाव्या पायाचा पंजा पावसाळ्यातच अमरावतीच्या एका दवाखान्यात कापून झाला होता.

देवानंदचा मळा अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठाला. भाजी पिकवायची, सकाळी जठारपेठेत नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. पण गावात त्याला ओळखतात ते दुसऱ्याच कारणाने. "थो नाई का, उस्तादच्या तलवारीखाली झोपनारा." त्याच्या मेथीचं एवढं कौतुक कधी कोणी केलं नाही. लग्न ठरताना मुलीकडच्यांनीही हीच चौकशी केली होती, की पोरगा रोज झोपतो की सणावारीच. त्याची बायको माणिकबाई हे अजून सांगते आणि हसते.

तलवार रहीम उस्तादची. अब्दुल रहीम यांचं पोटासाठी गाद्या-रजया भरायचं दुकान आणि जिवासाठी आखाडा. आखाड्यात आलेल्या पोराला ते आडनाव विचारत नसत. म्हणत, "डोळे मिट. आता सांग, तुहा डावा अंगठा कुठं हाये?" पोरगं हसे. पायातच आहे की.

"पायात हाये थे मलेबी मालूम हाये. पुढं हाये का मागं? टेकला हाये का उचलला हाये? पाहू नको. पायालेच विचार."

मग हसणाऱ्या पोराला कळे, की आपल्याला आपल्याच अंगठ्याची काडीचीही खबर नाही. उस्तादचं म्हणणं असं, की डोळा हा चुगलखोर. तो बाहेरचं सांगतो आणि तेही अर्धंच. अंगाची खबर अंगाला आतून लागली पाहिजे. ज्याला ती लागली, त्याला हात पाठीमागे असला तरी कुठवर पोचला ते ठाऊक असतं. पोरांचे डोळे बांधून ते त्यांना विटेवर एका पायावर उभं करत. कोणी पडलं की रागावत नसत. विचारत, "पडला थे ठीक. कोन्या बाजूनं चालला होता, थे पडायच्या आधी कळलं का?" देवानंद त्या विटेवरून इतक्यांदा पडला, की शेवटी पडायच्या आधीच त्याला कळायला लागलं. त्या दिवशी उस्तादने त्याला खेळात घेतलं.

खेळ असा होता. मोहरमला, उरुसाला, गणपतीच्या मिरवणुकीत देवानंद रस्त्यावर उताणा झोपे. उघड्या पोटावर आडवी काकडी. उस्तादच्या डोळ्यांवर काळं फडकं दुहेरी बांधलेलं असे. ते अनवाणी, प्रत्येक पाऊल नीट टेकवत, देवानंदभोवती एक फेरी घेत. त्या फेरीत पायच अंतर मोजून घेत, डोळ्यांचं काही काम नसे. शेवटचं पाऊल देवानंदच्या कमरेपाशी पडे, तलवार खांद्यावरून खाली येई आणि काकडीचे दोन तुकडे होत. कातडीला पात्याचा नुसता गारवा लागे.

मध्ये एक रिवाज होता. बघणाऱ्यांना तो तमाशाचाच भाग वाटे, पण खेळाचा सगळा जीव त्यात होता. तलवार उचलायच्या आधी उस्ताद थांबत आणि मोठ्याने विचारत, "जमीन काय म्हणते?" उत्तर खाली झोपलेल्याने द्यायचं. पाऊल कसं पडलं हे टाकणाऱ्याला कळतंच, पण जमिनीला पाठ लावून पडलेल्याला ते त्याच्याहून जास्त कळतं. आधी टाच, मग कडेचा भार, मग बोटं, हे सगळं पाठीच्या कण्यात येतं. पाऊल बरोबर असेल तर म्हणायचं, "खरी." नसेल तर म्हणायचं, "फिरा," आणि उस्तादने मुकाट्याने दुसरी फेरी घ्यायची. वार कोणीही करो, शेवटचा शब्द ज्याचं पोट उघडं त्याचा. हा नियम उस्तादच्या उस्तादपासून चालत आलेला. मात्र "फिरा" अकोल्यात कोणी कधी ऐकलं नव्हतं. देवानंद दर वेळी "खरी"च म्हणाला, कारण ती खरीच असायची.

मग गेल्या वर्षीचे गणपती आले.

देवानंदच्या पाठीला ते पहिल्यांदा तेव्हा कळलं. उस्तादचा डावा पाय फटकन पडला. टाच आणि बोटं एकदमच. पाऊल ठेवल्यासारखं नव्हतं, टाकून दिल्यासारखं होतं. उस्ताद थकले असतील, असं त्याने मनाला सांगितलं. पण शेवटचं पाऊल पडलं तेही नेहमीपेक्षा दोन बोटं वर, बरगडीच्या बाजूला. उस्ताद थांबले. "जमीन काय म्हणते?"

रस्ताभर माणसं होती, गच्च्यांवर बाया होत्या, आखाड्याची पोरं छाती काढून उभी होती. देवानंद म्हणाला, "खरी." आणि म्हणता म्हणता पाठ घासत दोन बोटं वर सरकला, श्वास सोडून पोट आत घेतलं. तलवार आली, काकडीचे दोन तुकडे झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही दिसलं नाही. इतक्या वर्षांत त्याच्याही अंगाला अंगाची खबर लागलेली होती. उस्तादनेच शिकवलेली विद्या त्याने उस्तादपासून लपवायला वापरली.

तिथेच त्याचा कान धरायला हवा होता. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण भीड आपली नसून प्रेम आहे असं वाटायला लागलं, की शहाणा माणूसही फसतो. देवानंदला तेव्हा ते प्रेमच वाटलं. त्याने घरी येऊन माणिकबाईला सांगितलं, तेही थोडं फुशारकीनेच, की मी सरकलो म्हणून निभावलं.

माणिकबाई भाकरी थापत होती. "मंग सांगत काहून नाई त्याइले?"

"काय सांगू? ज्यानं मले पाऊल शिकवलं त्याले सांगू, की तुमचं पाऊल चुकून राह्यलं?"

"चुकून राह्यलं तं सांगाच लागन."

"झाकली मूठ हाये. राहू दे."

"मूठ त्याइची हाये," माणिकबाई म्हणाली. "झाकनारे तुमी कोन?"

 देवानंद वेलांना पाणी द्यायला निघून गेला.

पुढच्या खेळातही तेच झालं, त्याच्या पुढच्यातही. दोन बोटांची चार बोटं झाली. देवानंद सरकत गेला. लोक म्हणू लागले, की वयासोबत उस्तादच्या हाताला उलट जास्तच सफाई आली. एकदा तो दुकानात बसलेला असताना उस्ताद गिऱ्हाइकाला कापूस दाखवायला उठले. डाव्या पायातली चप्पल जागीच राहिली आणि ते एक पाय अनवाणी तसेच दारापर्यंत गेले. त्यांची बायको हलीमाबी हिने आतून येऊन चप्पल पुढे केली. "तुह्या अब्बाचं ध्यान कुठं असते कोन जाने," ती लेकीला फोनवर सांगत होती. उस्ताद हसले. देवानंदही हसला, आणि त्या हसण्याची त्याला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

यंदा उरूस ऐन वैशाखात आला. खेळ संध्याकाळचा ठरला होता, पण मिरवणूक लवकर निघाली आणि चौकात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अकोल्याचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. देवानंदखाली दोन ओली पोती होती तरी त्याची पाठ भाजत होती. अनवाणी पोरं तळपाय उचलून नाचत होती, कोणी सावली धरून पळत होतं. उस्तादने चपला काढल्या, डोळे बांधून घेतले आणि त्या डांबरावर शांतपणे, घाई न करता पूर्ण फेरी घेतली. उजवा पाय जरा लवकर उचलला जात होता. डावा आरामात टेकत होता.

गर्दीतून कोणी म्हणालं, "उस्तादचे पाय लोखंडाचे हायेत."

देवानंदला सगळं कळलं ते तेव्हा. थकवा नव्हता, वय नव्हतं. त्या पायात कोणी राहतच नव्हतं. उस्ताद वर उभे होते आणि त्यांचा पाय खाली जळत होता, आणि ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. उस्तादने विचारलं, "जमीन काय म्हणते?"

तो म्हणाला, "खरी."

फोड आले ते हलीमाबीला चादरीवरच्या डागांवरून समजलं. आधी हळद झाली, मग कोणी सांगितलेलं तेल झालं. पाय काळा पडू लागला तेव्हा त्यांची लेक निखत अमरावतीहून आली आणि त्यांना घेऊन गेली. तिथे साखर निघाली, भरमसाट. आधी बोटं गेली. मग पंजा.

ऑपरेशनच्या दिवशी देवानंद दवाखान्यात गेला होता, पण दारातूनच पाहून परतला. त्यानंतर त्याला मळ्यात सारखी कामं निघत राहिली. कधी फवारणी, कधी बांध, कधी नुसताच ताप. हलीमाबीचे फोन येत. "तुमी कवा येता, देवाभाऊ? हे रोज नाव काढते." दिवाळी तोंडावर आली तेव्हा माणिकबाईनेच पिशवी त्याच्या हातात दिली आणि बसस्टॅंडपर्यंत सोबत आली. मध्येच परत फिरेल याची तिला खात्री होती.

निखतचं घर राजापेठेत, शिकवणीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली पोरांच्या दुचाक्यांची एवढी गर्दी, की जिन्यापर्यंत पोचायला वाट काढावी लागली. उस्ताद स्वतःच भरलेल्या गादीवर बसले होते. डाव्या पायात जाड, आखूड बूट होता, बाजूला चार पायांचा वॉकर. वाळले होते, पण दाढी नीट कातरलेली होती.

"आला का रे," ते म्हणाले. "मले वाटलं, भाजीच्या भावात मले विसरला."

देवानंदने पिशवी खाली ठेवली. उस्तादने ती जवळ ओढली, एक काकडी बाहेर काढून हातात तोलली, दोन्ही टोकं पाहिली. ओळखली असणार. परत ठेवून दिली.

निखतने पाणी आणलं आणि उभ्या उभ्याच बोलू लागली. ती शिक्षिका आहे, तिला उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. "डॉक्टर म्हणत होते चाचा, पायाच्या नसा खूप आधीच गेल्या होत्या. पायाची खबर वर पोचतच नव्हती. वर्षभर आधी आणलं असतं तर पाय वाचला असता म्हणे. वर्षभर! अन् घरात, आखाड्यात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? अब्बाले विचारलं तं म्हणते, मले काही वाटलं नाई."  मग खालून कोणीतरी हाक मारली, म्हणून ती जिना उतरून गेली. हलीमाबी आत चहा टाकत होती.

देवानंदने ग्लास तसाच हातात धरला होता. तो म्हणाला, "उस्ताद, मले मालूम होतं."

"काय?"

"पाय. गेल्या साली गणपतीपासून. खोटा पडून राह्यला होता. मले पाठीले कळे."

उस्ताद त्याच्याकडे पाहत राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नव्हता, ते हिशेब लावत होते. खेळामागून खेळ आठवत होते.

"मंग काकडी कटत कशी होती?" त्यांनी विचारलं.

"मी सरको."

"किती?"

"पयले दोन बोटं. मंग चार. उरुसात त्याहून जास्त."

उस्तादने मान खाली घातली. स्वतःचे दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. "म्हंजे सालभर तलवार तू चालवली," ते म्हणाले. "मी नुसता हात हलवून राह्यलो होतो. अन् लोकायले पाहून मान झुकवत होतो."

देवानंदला काहीतरी बोलायचं होतं. तुमची शान राहावी म्हणून, असं काहीतरी. गेले सहा महिने त्याने ते वाक्य मळ्यात एकट्याने कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. इथे ते न म्हणता त्याने ग्लास खाली ठेवला.

"तुले एक सांगू?" उस्ताद म्हणाले. आवाज अगदी साधा होता, दुकानात बोलत तसा. "मलेबी शक होता. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटे. रोज वाटे. आता मी दिवसभर कापसातच बसनारा मानूस, म्हटलं आपल्याले तसं वाटतच असन. तरी मनात येई, दवाखान्यात जाव का? मंग म्हटलं, खेळात कळनच. दर वेळेस मी विचारलं तुले. विचारलं का नाई?"

"विचारलं."

"लोकायसाठी नाई विचारलं, देवा. त्या साली मी खरोखर विचारून राह्यलो होतो. माह्या पायाची खबर मले येत नवती, म्हून तुह्या पाठीले विचारून राह्यलो होतो. अन् तू म्हने, खरी." ते थांबले. "मी म्हणलो, देवा कधी खोटं बोलत नाई. मंग दवाखान्यात काहून जाऊ?"

आतून कपबश्यांचा आवाज आला आणि थांबला. देवानंद फरशीकडे पाहत बसला. उरुसातलं ते डांबर, ती ओली पोती, सगळं त्याला पुन्हा पाठीवर जाणवलं. आपण एका माणसाची लाज राखत होतो असं तो समजत होता. तो माणूस तर मदत मागत होता. भर चौकात, मोठ्या आवाजात, सगळ्या गावासमोर मागत होता, आणि ज्याने ऐकायचं तो पोट आत घेऊन पडला होता. हे कधी भरून निघणार नव्हतं आणि दोघांनाही ते कळत होतं.

हलीमाबी चहा घेऊन आली. दोघांची तोंडं पाहून तिने कप नुसते ठेवले आणि दारात उभी राहिली.

चहा निवला. उस्तादने वॉकर पुढे ओढला. "डॉक्टर म्हणते, आता पायाकडं पाहून पाऊल टाकत जा. उजव्याचाही भरोसा नाई म्हणे. पाहिलं नाई तं पडान. उमर गेली पोरायले सांगण्यात की डोळा चुगलखोर हाये, अन् आता त्या चुगलखोराचं बोट धरून चालनं आलं." ते कण्हत उभे राहिले. हलीमाबी पुढे झाली तर त्यांनी हाताने तिला थांबवलं. मग देवानंदकडे न पाहता म्हणाले, "झोप."

"काय?"

"फरशीवर झोप."

आखाड्यात ते याच आवाजात सांगत, आणि आखाड्यात कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. देवानंद खाली उताणा झाला. फरशी गार होती. शर्टाच्या आतून तिचा गारवा खांद्यांपासून कमरेपर्यंत पोचला. उस्तादने डोळे मिटून घेतले. हलीमाबीने तोंडाला पदर लावला.

वॉकर पुढे सरकला. उजवा पाय आला, जड, पण टाचेवर. मग बूट घातलेला अर्धा पाय आला. तो कुठे पडतोय हे त्या पायाला माहीत नव्हतं. तो आतल्या बाजूला वळून, कडेवर, धप्पकन पडला. पुन्हा वॉकर, पुन्हा उजवा, पुन्हा तो. भिंतीपासून देवानंदच्या कमरेपर्यंत अंतर ते किती, पण उस्तादच्या कपाळावर घाम आला. कमरेपाशी ते थांबले. वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळे मिटलेलेच होते.

"जमीन काय म्हणते?"

देवानंदने वर पाहिलं. पांढरी दाढी, मिटलेले डोळे, उत्तराची वाट पाहणारा चेहरा. हाच चेहरा इतकी वर्षं काळ्या फडक्याखाली होता. तो कसा दिसतो ते देवानंदने आज पहिल्यांदा पाहिलं.

"डावा वाकडा पडला," तो म्हणाला. "फिरा, उस्ताद."

शब्द निघायला काहीच जड गेलं नाही. इतका हलका होता तो, की म्हणून झाल्यावर देवानंदला रडू आवरेना. तो तसाच फरशीवर पडून रडत राहिला. उस्तादने मान हलवली, वॉकर फिरवला आणि पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली.